तांदळातलं नाव

सुशांतला घरी जेवायला बोलावलं, ही किशोरची पहिली चूक. वडे आणि कोंबडीचा रस्सा पोटात गेल्यावर हा शाळासोबती रंगात आला.

"वहिनी, तुमचं नाव लय भारी हाय. आमच्या वर्गात पण एक अनुपमा होती. तिच्या मागच्या बाकासाठी हा किशोर मारामाऱ्या करायचा."

वहिनींची रश्श्याची पळी पातेल्यातच राहिली.

माहेरची ती सेजल. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन पोलादपुरात आली, तेव्हा किशोरनं रिवाजाप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं : अनुपमा. तेव्हा ती लाजली होती. आता त्या लाजण्याचाच तिला संताप आला. म्हणजे सहा वर्षं हा माणूस हाक मारत होता भलतीलाच, आणि ओ देत होतो आपण.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ओ देणं बंद केलं. "अनुपमा, चहा" म्हटलं की चहा येईना. सासू काशीबाईंनी हाक मारली, तर "ती शाळेत असंल, तिथं बघा" असं उत्तर आलं.

मग तिची नजर दारातल्या, किशोर चालवायचा त्या रिक्षावर गेली. मागं हौसेनं रंगवलेलं 'अनुपमा'. ती सटवी रोज नवऱ्याबरोबर महाडपर्यंत फिरून येते, हे तिला सहन होईना. माहेरी जायची धमकी दिल्यावर किशोरनं नाव खरवडलं. पण वाडीत सगळे एकमेकांना "अनुपमानं जा" असंच सांगत. त्यामुळे स्टँडवर नाव शोधणाऱ्या बायका दुसऱ्याच रिक्षात बसू लागल्या.

शेवटी किशोर शरण आला. "गो, ती आता कुठं हाय ते पण मला ठाऊक नाय. अनुपमा म्हटलं की मला तूच दिसतेस."

हे खरं होतं, पण खरं बोलून बायकोची समजूत पटल्याचं उदाहरण त्या वाडीत नव्हतं. अखेर ठरलं : यापुढं सेजल. रिक्षावरही सेजल. पेंटर सोमवारी येणार होता.

आदल्या दिवशी नाते गावी, तिच्या माहेरी, शेजारच्या हृतिकचं लग्न होतं. दोघं गेली. वरात घरी आली, तांदळाचं ताट पुढं आलं. हृतिकनं अंगठी हातात घेतली, गर्दीत कुणाला तरी शोधल्यासारखं पाहिलं आणि लिहिलं : सेजल.

नवरी लाजली. किशोरच्या शेजारी उभी असलेलीही लाजली, आणि ते त्यानं पाहिलं.

परतताना महाड आल्यावर त्यानं रिक्षा हळू केली. मग म्हणाला, "हा हृतिक कोण गो?"

"शेजारचा."

"नुसता शेजारचा?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. सहा वर्षांत इतकी सुखात ती कधीच नव्हती.

सोमवारी पेंटर आला आणि नाव काय टाकू म्हणून विचारू लागला.

"अनुपमाच लिही," किशोर म्हणाला. "आधीपेक्षा मोठं." मग घराकडे वळून त्यानं हाक मारली, "अनुपमा, चहा टाक गो."

आतून लगेच ओ ऐकू आली. चहाही आला. त्यात साखर जरा जास्तच होती.