उकिडवे आणि बकारूचं मूळ

जगातला कुठलाही शब्द सुरेश उकिडव्यांच्या तावडीत सापडला की संस्कृत होऊनच सुटायचा. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी पिझ्झ्यालासुद्धा सोडलं नव्हतं. त्यामुळे जबल अलीतल्या त्यांच्या दूध-लोण्याच्या कंपनीने 'बकारू पार्टी' जाहीर केली, तेव्हा त्यांना स्फुरण चढलं नसतं तरच नवल.

शिवाय अबुधाबीच्या ऑफिसात मॅनेजरची जागा रिकामी होती. काचेची केबिन, समुद्राकडे तोंड केलेला फ्लॅट! त्या जागेसाठी उकिडवे केव्हापासून झुरत होते, आणि माणसं हेरायला खुद्द मोठे साहेब, मेक्सिकोचे रामिरो सर, पार्टीला येणार होते.

"अस्मी, बकारू म्हणजे काउबॉयच ना गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"येस बाबा. इट्स फ्रॉम स्पॅनिश. वाका मीन्स काऊ, वाकेरो मीन्स काउबॉय." त्याच वाकेरोचा अमेरिकनांच्या तोंडी बकारू झाला आणि आता तिकडे लहान पोरांनाही लाडाने बकारू म्हणतात, हेही तिने फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं.

"छे! स्पॅनिश कसलं डोंबलाचं? वत्स म्हणजे वासरू. वत्स, वत्सकार, वक्कार, बकारू. सरळ आहे!"

"अहो, साहेबांच्या घरातला शब्द तो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तो त्यांनाच काय शिकवताय?"

"म्हणूनच शिकवायचा! बिचाऱ्यांना आपलं मूळ नको कळायला?"

पार्टीत सगळे कबाबांवर तुटून पडले होते. अकाउंट्सचा राजन कोपऱ्यात बसून निमूट जेवत होता. उकिडव्यांनी मात्र डोक्यावरची काउबॉय हॅट सावरत थेट माइक गाठला. वत्सापासून निघाले ते बकारूपर्यंत पोचले. साहेबांच्या भुवया वर गेल्या. ही दाद आहे असं समजून उकिडवे आणखी चेकाळले. आमच्या रक्तातच गोपालन आहे, म्हणाले. गाय नुसती हंबरली तरी तिचं काय दुखतंय ते मी सांगतो, म्हणाले. वास्तविक त्यांचं बालपण डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर पिशवीच्या दुधावर गेलं होतं आणि समोरून गाय आली की ते मुकाट्याने दुकानात शिरायचे. पण माइक हातात असला की माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टी कुठे आठवतात! साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"झालं काम!" घरी येताना उकिडवे म्हणाले. "खलास! अबुधाबी आपल्या खिशात."

दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. अबुधाबी राजनला. उकिडव्यांना वाळवंटातला कंपनीचा डेअरी फार्म! राहायला तिथेच खोली, शेजारी हजारभर गायी.

मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. 'गोमातेची सेवा घडणार, भाग्यवान आहात!' उकिडव्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"भोगा आता," प्रमिलाबाईंनी चहाचा कप आदळला. "वत्सकार म्हणे!"

उकिडव्यांनी गाठलं शेवटी साहेबांना. "सर, खरं सांगतो. मला गायींतलं ओ की ठो कळत नाही. भीती वाटते हो मला त्यांची! आणि तो शब्दही संस्कृत नाही. स्पॅनिशच आहे."

"माहीत आहे की," साहेब हसले. "माझे आजोबा वाकेरोच होते. आयुष्यभर शेण काढलं त्यांनी."

"मग मला फार्मवर का, सर?"

"हबीबी, तिथे रोज शाळांच्या बस येतात. पोरं नाही नाही ते प्रश्न विचारतात. ज्यांना गायींतलं कळतं ते आमचे डॉक्टर 'माहीत नाही' म्हणून मोकळे होतात." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही नाही होणार. यल्ला, चला तयारीला लागा, सोमवारी गाडी पाठवतो."