टाकी उडू नये म्हणून

अंजूरच्या खाडीकडच्या एका पाड्यावर १९९१ साली पाण्याची पोलादी टाकी बसवण्यात आली. उंची बारा फूट, अवलंबून घरे साठ. पाणी सुरू झाल्यावर कचेरीच्या लक्षात आले की फायलीत 'वाऱ्याचा भार' हा रकाना कोराच राहिला आहे.

तो भरण्याचे काम कनिष्ठ अभियंता रामदास जाधव यांच्याकडे आले. त्यांनी ते प्रामाणिकपणे केले, आणि घोटाळा तिथेच झाला. ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यात भरलेली टाकी हलणार नव्हती. रिकामी मात्र उलटणार होती. पायाला आठ बोल्ट लावावेत, असे त्यांनी सुचवले.

बोल्ट ही मंजूर बाब नव्हती. पाणी ही मंजूर बाब होती. म्हणून साहेबांनी ठरवले की टाकीत चार फूट पाणी कायम ठेवावे. लोकांना मोह होऊ नये म्हणून तळाची तोटी चार फुटांवर नेण्यात आली.

फाईल वर गेली. खाडीकडून वाऱ्याला आडोसा नाही, असा शेरा वरच्या साहेबांनी मारला आणि पाणी आठ फूट केले. त्यांच्याही वरच्या साहेबांकडे शेरा उरला नव्हता. पण शेऱ्याशिवाय सही करण्याची पद्धत नसल्याने त्यांनी साडेतीन फूट वाढवले. तोटी साडेअकरा फुटांवर गेली. शिडीसाठी वेगळा प्रस्ताव पाठवावा, असे पाड्याला कळवण्यात आले. बाया पुन्हा हंडे घेऊन मैलभरावरच्या विहिरीकडे निघाल्या.

हे सगळे समजावून सांगायला जाधव पाड्यावर गेले. पंचायतीच्या सदस्य ठमाबाई पाटील यांनी त्यांना ओटीवर बसवले आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"सायेब, वारा येल तवा येल," त्या म्हणाल्या. "तान तं आमाला रोज लागते."

पुढच्या रविवारी जाधवांनी भिवंडीत लूमचे भाग बनवणाऱ्या एका लेथवाल्याकडून आठ बोल्ट करून घेतले आणि गवंड्याला घेऊन स्वतः पायात आवळले. आता टाकी रिकामी असली तरी हलणार नाही, असा अहवालही दिला.

उत्तर पंधरा दिवसांनी आले. बोल्ट नकाशात नसल्यामुळे गणितात ते नाहीत असेच समजावे. आणि नसलेले बोल्ट विनापरवानगी का लावले, याची जाधवांनी कारणे दाखवावीत.

जूनमध्ये वादळ झाले. दोन गोदामांचे पत्रे उडाले, टाकी जागची हलली नाही. याचे श्रेय पाण्याला देऊन तालुक्यातल्या सर्व टाक्या अशाच भरून ठेवाव्यात, असे परिपत्रक निघाले. जाधवांची बदली झाली.

तेव्हापासून टाकी पाहायला शहरातून माणसे येतात. तुम्हीही याल. वर मान करून म्हणाल, काय भक्कम काम आहे! मग ऊन लागले म्हणून ठमाबाईंच्या ओटीवर टेकाल, तांब्याभर पाणी मागाल. त्या देतील. ते कुठून आणले, हे विचारल्याशिवाय तुम्ही पिऊन टाकाल.