पेडणेकरकाका आणि ऑटोवरची बत्ती

भर पावसात, समोरचा ट्रकसुद्धा धड दिसत नसताना, पेडणेकरकाका गाडीची बत्ती लावत नाहीत. लावत नाहीत म्हणजे लावतच नाहीत. "काका, बत्ती!" म्हणून मी कितीही बोंबललो तरी उत्तर ठरलेलं. "ऑटोवर आसा. गाडयेक अक्कल आसा."

काका घोडपदेवला आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत माग चालवले; संपात गिरणी सुटली, मग म्हातारे होईपर्यंत टॅक्सी चालवली. टॅक्सी मोडीत काढून घरी बसले, तेव्हा त्यांच्या मुलाने, संदेशने, मस्कतला नोकरीवर जाण्याआधी त्यांना ही गाडी घेऊन दिली. हिच्या दिव्यांचा खटका ‘ऑटो’वर ठेवला, की अंधार पडताच दिवे आपोआप लागतात. काकू गेल्यापासून काका एकटेच. दर रविवारी माझं दार वाजवतात. "चल रे, फिरवून आणू, नायतर बॅटरी उतरतली." मग बांगडे आणायला थेट वरळी कोळीवाडा! मासळीबाजार जवळच भायखळ्यालाही आहे, पण हे बोलायची सोय नाही.

आता या गाडीची अक्कल अशी, की तिला अंधार कळतो, पाऊस कळत नाही. दिवसाढवळ्या पाऊस कोसळत असला तरी आभाळ पांढरंफटक, त्यामुळे गाडीच्या मते सगळं छान चाललेलं. मागचे लाल दिवेसुद्धा बंद. लालबागच्या पुलाखाली शिरलो की मात्र झटकन सगळं उजळतं.

"बघ! लागली की नाय?"

पुलाखालून बाहेर आलो की बत्ती गुल.

"गेली, काका!"

"आता तिका नको आसतली."

"अहो, तो खटका नुसता फिरवायचा!"

"जल्मभर खटकेच दाबलंय मी. आता गाडी दाबतली."

अशा माणसाशी काय बोलणार? मी सीटवर उलटा वळून मागची वाहनं बघत बसायचो. घरी आलो की बायको मानेला बाम चोळायची.

व्हायचं तेच एका रविवारी झालं. परळच्या पुलावर धो धो पाऊस, काकांनी ब्रेक मारला आणि मागून एक मोटरसायकल धाडकन येऊन आदळली. नवराबायको दोघंही रस्त्यावर. नशिबाने बाईंचं कोपर खरचटण्यावर निभावलं. त्या उठल्या त्याच कडाडत. "आजोबा, दिवा तरी लावायचा! गाडी दिसलीच नाही आम्हाला!"

काकांच्या तोंडून अक्कल हा शब्द निघाला नाही. दोघांना दवाखान्यात नेलं, पट्टी होईपर्यंत बाहेरच्या बाकावर हात जोडल्यासारखे बसून राहिले.

संध्याकाळी संदेशचा फोन आला. मी फोन काकांच्या हातातून ओढूनच घेतला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. संदेश हादरला. "अरे, खटका ऑटोवर ठेवलाय, सवय होईपर्यंत हात लावू नका, एवढंच म्हटलं होतं मी! त्याला तीन वर्षं झाली. बाबा, ऐकताय ना? पावसात खटका फिरवायचा."

"तू लावून गेलंस तसा ठेवलंय," काका म्हणाले. "तूच ये नि फिरव."

मग संदेश हळूच म्हणाला, "सुट्टीचं बघतो, बाबा."

पुढच्या रविवारी पुन्हा तसाच पाऊस. गाडी सुरू केली आणि काका स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी त्यांच्या पुढ्यातून हात घालून खटका धरला. काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"हळू फिरव," ते म्हणाले.