पंपामागची पेट्रोलमुक्त सोसायटी

पृथ्वीच्या पोटातलं तेल एक दिवस संपणार, हे कळल्यावर मनुष्यजातीने पहिलं काम केलं ते समिती नेमण्याचं. नवीन पनवेलच्या आमच्या हरितधारा सोसायटीनेही नेमली. (रिक्षावाल्याला ‘हरितधारा’ सांगून उपयोग नाही, ‘पेट्रोलपंपामागची बिल्डिंग’ म्हणावं लागतं.) मी स्वतः या पर्यायी इंधन उपसमितीचा सदस्य असल्यामुळे पुढील वृत्तांत पूर्णपणे निःपक्षपाती आहे.

निमित्त झालं एका पर्यावरणप्रेमी संस्थेच्या ‘पेट्रोलमुक्त सोसायटी’ स्पर्धेचं. बक्षीस म्हणून फाटकावर लावायला हिरवी पाटी मिळणार होती. पाटी फुकट मिळत असेल तर आमचे सभासद वाटेल तो त्याग करतात.

पहिला त्याग उपसमितीचे अध्यक्ष परेश कानडे यांनी केला. त्यांनी गाडीला सीएनजी बसवला. सीएनजीमुळे हवा स्वच्छ राहते, आणि गाडी बहुतेक वेळ गॅसच्या रांगेतच उभी असल्यामुळे हवा आणखीच स्वच्छ राहते. परेश रांगेतच दाढी करू लागले, रांगेतूनच ऑफिसच्या मीटिंगा घेऊ लागले. तिथे त्यांना जिवाभावाचे मित्र मिळाले. त्यातल्या एकाचा साखरपुडा ठरला, पण त्याला कोणीच जाऊ शकलं नाही. सगळे रांगेत होते. नवरामुलगासुद्धा.

दुसरे वहाबभाई मुकादम. उभी हयात कुवेतमध्ये तेलाच्या कंपनीत काढून ते परतले आणि त्यांनी विजेची गाडी घेतली. “तेल भरपूर बघितलं, आता बस. माशाल्ला, गाडीला आवाजच नाही!” ते सर्वांना सांगत. हे खरं होतं. चार्जिंग संपल्यावरही तिला आवाज नसतो, त्यामुळे ती बंद पडली आहे हे मागचा ट्रकवाला सांगेपर्यंत कळत नाही. चार्जिंगची वायर तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली असे आणि वाटेत दुसऱ्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांतून उतरे. यावर बऱ्याच सभा होऊन वायरीला सेल्समनचे नियम लागू झाले: दुपारी एक ते चार प्रवेश बंद.

तिसरे आनंदा भोईर. त्यांची जीप मुळात डिझेलची असल्याने तिला पेट्रोलमुक्त करणं सोपं गेलं. तरी त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवरचं जळकं तेल आणून, गाळून, त्यावर घरीच काही संस्कार करून ते जीपमध्ये भरू लागले. जीप गेली की गल्लीभर भूक पसरे. सिग्नलला थांबली की शेजारच्या गाडीची काच खाली यायची आणि आतून कोणीतरी विचारायचं, “चटणी हाय?”

या क्रांतीच्या आड एकच गोष्ट येत होती. गोदूआक्का घरत यांची व्हॅन.

आक्का मूळच्या बेलपाड्याच्या, आता तळमजल्यावर राहणाऱ्या. नवरा व्हॅनने मासळीची ने-आण करायचा. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, गाडी विका. आक्का ती विकायच्या ऐवजी चालवायला शिकल्या. व्हॅन जुनी, पेट्रोलवर चालणारी, आणि (हा तिचा मोठाच दोष) चालणारी. परेशना रांगेतून उचलून ऑफिसात कोणी सोडलं? आक्कांनी. वहाबभाईंची गाडी पेणहून दोरीने ओढत कोणी आणली? आक्कांनी. आनंदाची जीप बंद पडली आणि भोवती कुत्री जमली, तेव्हाही आक्काच.

उपसमितीने याची गंभीर दखल घेतली. पाहणीत असं दिसलं की, सर्व सभासदांनी पेट्रोल सोडल्यापासून आक्कांचा पेट्रोलचा खप तिपटीने वाढला आहे. सोसायटीच्या एकूण प्रदूषणात त्यांचा वाटा शंभर टक्के होता. त्यांना सभेत उभं करण्यात आलं.

“एवढं फिरता कुठे तुम्ही?” परेशनी विचारलं.

“मी कुटं फिरते? तुमालाच तं नेते सगल्यांना!”

(इतिवृत्तात ‘सभासदांनी विषयाला सोडून उत्तर दिले’ अशी नोंद आहे.)

आक्का भांडल्या नाहीत. त्या वाईट वाटल्यावर गप्प होतात, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॅन बेलपाड्याला भाचा धनेशकडे नेऊन ठेवली आणि बाजाराला चालत जाऊ लागल्या.

जानेवारीत परीक्षक आले. इमारत नीटनेटकी दिसावी म्हणून वहाबभाईंची वायर आदल्या दिवशीच गुंडाळून ठेवली होती. परीक्षकांनी पार्किंग पाहिलं, फार उत्तम म्हणाले, आणि नारळ हातात घेतला, एवढ्यात वरून परेशच्या बायकोची, स्नेहलची हाक आली. दिवस भरायला अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या होत्या.

परेश गाडीकडे धावले. गॅस नव्हता. वहाबभाईंनी बटण दाबलं, गाडीने नेहमीप्रमाणे शांतता राखली. आनंदाच्या जीपमधलं तेल थंडीने तुपासारखं थिजलं होतं. फोनवरून बोलावलेल्या टॅक्सीवाल्याने येतो म्हणून सांगितलं आणि तो आलाच नाही. परेश जिन्याच्या पायरीवर बायकोचा हात धरून बसले. सभेत अर्धा तास सलग बोलणारा तो माणूस नुसतं “होईल गं, होईल” एवढंच म्हणत होता, आणि घाम त्याला फुटला होता.

गोदूआक्का दारात आल्या. त्यांनी एकदा स्नेहलकडे पाहिलं आणि फोन लावला.

“धनेश, हाय तसा नीघ. गाडी घेऊन ये.”

धनेश हायवेने कसा आला ते उपसमितीने विचारलेलं नाही. आक्कांनी त्याला उतरवलं आणि स्वतः स्टेअरिंगवर बसल्या. मागे स्नेहल, परेश आणि नारळासह परीक्षक. (त्यांची विजेची गाडीही आमच्याच फाटकात निजली होती आणि त्यांना जासईला दुसरी सोसायटी पेट्रोलमुक्त घोषित करायची होती.)

“आक्का, जरा हळू,” परेश म्हणाले.

“तुमी गप बसा. पोरी, तू वरड. मनात नको ठेवूस.”

हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली. परेशनी तिला आधी आक्कांच्या हातात दिलं आणि त्यांना वाकून नमस्कार केला. दोघंही रडली. परीक्षकांनी तिथेच नारळ वाढवला आणि आम्हाला पहिलं बक्षीस दिलं. व्हॅन बेलपाड्याची असल्यामुळे तांत्रिक अडचण आली नाही.

पुढच्या सभेत आक्कांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. त्यात अशी विनंती होती की, व्हॅन त्यांनी कायम बेलपाड्यालाच ठेवावी, मात्र हाक मारल्यावर आणावी.

“व्हॅन इकली,” आक्का म्हणाल्या. “इजेची स्कूटर घेतली. एकाच मानसाची. मी पन सुदारले आता.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग हळूहळू थांबला. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले.

सोसायटी आता संपूर्ण पेट्रोलमुक्त आहे. उपसमितीचा निष्कर्षही हाती आला आहे: पेट्रोलला आजवर सापडलेला सर्वांत खात्रीचा पर्याय म्हणजे शेजाऱ्याचं पेट्रोल. आमच्या बाजूच्या इमारतीत एक फ्लॅट रिकामा आहे. हवेशीर आहे, पाणी चोवीस तास. आपण एवढा वेळ आमच्यावर हसलात, त्या अर्थी आपली गाडी पेट्रोलची आणि चालू स्थितीत असावी. कधी राहायला येताय?