सावेबाईंची यंत्रपरीक्षा

सावेबाई कुठलंही नवं यंत्र शाळेत घेण्याआधी त्याच्यासमोर जमिनीवर पालथ्या पडायच्या. अक्षरशः. पदर कमरेला खोचायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या, सतरंजीवर आडव्या व्हायच्या आणि हनुवटी हातांवर टेकवून त्या यंत्राकडे टक लावून बघत राहायच्या. समोर टाय लावलेला विक्रेता उभा असला तरी त्यांना काही वाटायचं नाही. हे पहिल्यांदाच बघणारा माणूस बाईंना चक्कर आली असं समजून पाणी आणायला धावायचा.

"पाच वर्षांचं पोर असंच बघतं," बाई खालूनच सांगायच्या. "तुमी टेबलावर ठेवून दाखवता. आमच्या पोरांना टेबलाची फक्त खालची बाजू दिसते."

मी तेव्हा बोईसरच्या एका शाळेत नुकताच संगणक शिक्षक म्हणून लागलो होतो. मी मूळचा धुळ्याकडचा. वडील कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. सावेबाई मात्र पिढ्यान्‌पिढ्या शिरगावच्या. घरची वाडी, वाडीत चिकू आणि नारळ, आणि पिशवीत आम्हा सगळ्यांसाठी रोज चार चिकू. बालवर्ग आणि पहिली त्यांच्याकडे होती. बोलायच्या भरपूर. मुलांशी, शिपायाशी, फळ्याशी, भिंतीवरच्या पालीशीही. वर्गात भाषा पुस्तकातली. पण रागावल्या की थेट शिरगावात पोचायच्या.

त्या वर्षी एका कारखान्याने शाळेला लहान मुलांसाठी एक खोली सजवून द्यायचं कबूल केलं. लहानग्यांना विज्ञान, गणित आणि तंत्रज्ञानाची गोडी लागावी अशी साधनं त्या खोलीत ठेवायची होती. साधनं निवडायला समिती नेमली. संस्थेचे अध्यक्ष अण्णा, मुख्याध्यापक, सावेबाई आणि मी. माझं काम विक्रेत्यांना बोलावणं आणि कुणाचा प्लग कुठे लागतो ते बघणं.

पहिला आला तो टॅब्लेट घेऊन. पडद्यावर आंब्याचं झाड, मुलाने आंब्याला बोट लावायचं, आंबा टोपलीत पडायचा आणि टॅब्लेट मोठ्यांदा आकडा म्हणायचा.

"बरं," बाई म्हणाल्या. "आणि पोरगं काय करतंय?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पुढे तो इतक्या वेळा ऐकला की आमचा शिपाईसुद्धा पाण्याचा पंप चालू करताना पुटपुटायला लागला.

"पोरगं आंबे मोजतंय, मॅडम."

"मोजतंय कुठे? मोजतोय हा तुमचा टॅब्लेट. पोरगं नुसतं बोट लावतंय." मग त्यांनी पिशवीतून पिकलेला चिकू काढला, सोलून खाल्ला आणि त्याच हाताने पडद्यावर बोट फिरवलं. आंबे पडायचे थांबले. विक्रेता रुमाल शोधायला लागला. "जेवणाच्या सुट्टीनंतर आमच्या पोरांचे हात असेच असतात," बाई शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्याने जोडाजोडीचा एक भारी संच आणला. बाईंनी वर्गातली चार मुलं बोलावली. मुलांनी संच बाजूला सारला, त्याच्या रिकाम्या खोक्यात बसून होडी केली आणि ती सातपाटीच्या बंदरात नेऊन लावली. बाईंनी अर्धा तास ती होडी बघितली आणि विक्रेत्याला म्हणाल्या, "नुसत्या खोक्याचे किती घ्याल?"

त्यांना काहीच आवडायचं नाही असंही नव्हतं. पडद्याला जोडायचा एक सूक्ष्मदर्शक आला. बाईंनी डबा उघडून त्यातला सुका जवळा चिमटीत धरला आणि भिंगाखाली ठेवला. पडद्यावर पाय, मिश्या आणि मण्यांसारखे काळे डोळे असलेलं भलंमोठं जनावर उभं राहिलं. विक्रेता शाकाहारी होता. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाई मात्र हरखून गेल्या. "बघा बघा, इतकी वर्षं खातेय, तोंड कधी बघितलं नव्हतं!" सूक्ष्मदर्शक घेतला.

मग आला बोलका यंत्रमानव.

तो अण्णांनी स्वतः कुठल्याशा प्रदर्शनात बघितला होता. मुलाच्या उंचीचा, पांढराशुभ्र, निळे डोळे लुकलुकणारा. समोर मूल आलं की तो मान वळवायचा आणि नाव विचारायचा. मुलाने नाव सांगितलं की त्या नावाने हाक मारून त्याला आकाशातले ग्रह, बेरीज-वजाबाकी, प्राण्यांचे आवाज असलं काय काय सांगायचा. मूल गप्प राहिलं तर म्हणायचा, "मला ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने बोल!" आणि तरीही गप्प राहिलं तर तेच पुन्हा, आवाज वाढवून.

अण्णांचं जवळजवळ ठरलंच होतं. वर्तमानपत्रात फोटो कुठल्या कोनातून घ्यायचा तेही ठरलं होतं. फक्त एकदा मुलांसमोर चालवून बघायचं, म्हणून पहिलीच्या मुलांची रांग लावली.

मुलं खूश झाली. एकेक जण पुढे जाऊन नाव ओरडत होता, यंत्रमानव ते नाव परत म्हणत होता, टाळ्या पडत होत्या. सावेबाई नेहमीप्रमाणे पालथ्या पडून बघत होत्या. एकदम त्या उठल्या, "वास येतोय! जळतंय काहीतरी!" असं ओरडल्या आणि धावत जाऊन त्यांनी प्लग उपटला.

यंत्रमानवाची मान खाली पडली. मुलं ओरडली. विक्रेत्याने त्याची पाठ, पोट, तळवे सगळं हुंगून बघितलं. मीही हुंगलं. वास कसलाच नव्हता.

"येतोय," बाई ठामपणे म्हणाल्या. "पोरांनो, वर्गात चला. पळा!"

त्यानंतरची समितीची सभा मी विसरणार नाही. बाईंनी यंत्रमानवाविरुद्ध अशी कारणं दिली की मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. त्याच्या वायरी उंदीर खातील. त्याचे डोळे बघून शिपाई सकाळी एकटा खोली उघडणार नाही. आणि त्याचा आवाज अगदी बाईंच्या नणंदेसारखा आहे.

"बाई, तुम्हाला यंत्रांचंच वावडं आहे," अण्णा चिडून म्हणाले.

"नाय हो अण्णा. मला ते बटणांचं कासव हवं हाय."

कासव म्हणजे आधीच्या एका विक्रेत्याने दाखवलेलं एक छोटं, चाकांवर चालणारं खेळणं. त्याला ना पडदा, ना आवाज. पाठीवर बाणांची चार बटणं आणि मध्ये एक हिरवं. पुढे, पुढे, उजवीकडे, पुढे अशी बटणं आधी मनाशी ठरवून दाबायची आणि मग हिरवं दाबायचं. कासव सांगितलेल्या क्रमाने चालत जातं. क्रम चुकला तर भलतीकडेच जातं, आणि कुठे चुकलं ते मुलाने स्वतः शोधायचं. तंत्रज्ञानाची सुरुवात म्हणून ते उत्तम होतं, हे मी सभेत सांगितलं. पण यंत्रमानवापुढे ते अण्णांना फारच गरीब वाटलं.

"ठीक आहे," शेवटी अण्णा म्हणाले. "घ्या तुमची कासवं. पण वर्षअखेरीस ही खोली ओस पडली, तर बालवर्गाची जबाबदारी तुमच्याकडे ठेवायची की नाही, याचा विचार करावा लागेल."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. पण त्या "चालेल" म्हणाल्या.

कासवं आली. बाईंनी जमिनीवर चौकोन आखले, त्यांत चिकूचं झाड, बोंबील, एसटी, कारखान्याची चिमणी अशी चित्रं चिकटवली. कासवाला चिकूपासून निघून बोंबलापर्यंत न्यायचं, पण वाटेत एसटीखाली येऊ द्यायचं नाही. खोली ओस पडायचं सोडाच, घंटा झाली तरी मुलं बाहेर निघेनात. आणि त्या खोलीत मला एक मुलगी दिसायला लागली. तोवर ती मला कधी दिसलीच नव्हती.

तिचं नाव रोशनी. वडील कापडाच्या कारखान्यात कामाला, घरचे उत्तर प्रदेशातले. शाळेत आल्यापासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. मराठीत नाही, हिंदीत नाही. आई सांगायची, घरी खूप बोलते. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायची वेळ आली की बाईच बडबडत पुढच्या नावावर जायच्या.

रोशनी कासवासमोर बसायची, डोळ्यांनी चौकोन मोजायची, भराभर बटणं दाबायची आणि कासव बरोबर बोंबलावर जाऊन थांबायचं. कुणाचं कासव चुकलं की ती चुकलेल्या चौकोनावर बोट ठेवायची. हळूहळू मुलं अडली की म्हणायला लागली, "रोशनीला विचार." मुलं विचारायची आणि रोशनी बोटाने उत्तर द्यायची. त्यात कुणालाच काही वेगळं वाटत नव्हतं.

वर्ष संपता संपता तिच्या वडिलांना वापीला काम मिळालं. दाखला घेऊन ते निघून गेले. नव्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "देसले सर, शनिवारी रजा टाकाल? वापीला जायचंय. तिकडच्या बाईंना कासव दाखवायला. त्यांच्या यंत्राबिंत्राच्या शंका मला नाय सांगता येणार."

गाडीत खिडकीजवळ बसून त्या बाहेर बघत होत्या. घोलवड गेल्यावर मी विचारलं, "बाई, त्या दिवशी प्लग काढलात तेव्हा रांगेत पुढचा नंबर कुणाचा होता?"

"तिचा," बाई म्हणाल्या.

"मग सभेत तसं सांगायचं ना! अण्णांनी ऐकलं असतं."

"ऐकलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी सगळे तिला बघायला आले असते. कोण ती न बोलणारी? जरा बोल बघू बाळ! त्यापेक्षा मला येडी म्हणाले ते काय वाईट?"

वापीची शाळा हिंदी माध्यमाची होती. वर्गशिक्षिका तरुण होत्या, मनाने चांगल्या. कासव त्यांना आवडलं, मी ते चालवून दाखवलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "लेकिन मैडम, ये बच्ची तो कुछ बोलती ही नहीं."

सावेबाईंचं हिंदी म्हणजे आनंदच होता. पण त्या अडखळल्या नाहीत.

"बोलती है," त्या म्हणाल्या. "भोत बोलती है. आपको ऐकू आने को थोडा दिन लगेगा. तब तक उसको मत विचारो. बस, बाजू में बैठो."

त्या शिक्षिकेने मान डोलावली. त्यांना ते खरोखर कळलं असं मला वाटलं.

आम्ही निघालो तेव्हा मुलं व्हरांड्यात रांगेने पाणी प्यायला चालली होती. रोशनी रांगेत होती. तिने आम्हाला बघितलं आणि ती थांबली. मी हात वर करणार तेवढ्यात बाईंनी माझा हात धरला.

"नको," त्या पुटपुटल्या. "मग तिलाही हात हलवावा लागेल."

त्या तिच्याकडे बघून फक्त हसल्या आणि फाटकाबाहेर आल्या. बाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कहाँ जाना है?" बाईंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रिक्षात बसल्या.

"स्टेशन," मी म्हणालो.