रागिणीनं संस्कृत सोडलं, त्याची केस

मी खुशालराव, मुक्काम वलगाव, गुप्तहेर. मी गुप्तहेर आहे ही गोष्ट वलगावात सर्वांना ठाऊक आहे, कारण मी ती कोणापासून लपवत नाही. लपवालपवी गुन्हेगारांनी करावी. झेंडू आणि भाजीपाला लावतो तो केवळ वरकरणी धंदा. डोळा घारीचा, कान सशाचा, आणि डोक्याला शोभेल असा प्राणी अजून सापडलेला नाही. विहिरीवरच्या पंपाचा फुटवाल चोरीला गेला तेव्हा तपास मीच केला (तो गाळात निघाला). शेषरावची शेळी पळवली गेली तेव्हाही मीच (ती शेषरावच्याच गोठ्यात निघाली). दोन्ही वेळा मी आरोपी वेळेत पकडले होते. ते निर्दोष निघाले, हा दोष त्यांचा.

माझी साधनं तीन: काळा गॉगल, टॉर्च आणि मोपेड. मोपेडचा आवाज इतका दमदार आहे की मी कुठं पोचायच्या आधीच गुन्हेगार सावध होतो. मी त्याला तेवढी संधी देतो. शिवाय तिला एक भोंगा आहे. तो वाजला की बैल बसकण मारतात.

घरात मला मदतनीस म्हणून मैनाबाई आहे. लग्नापासून ती माझी बायकोही आहे. माझा प्रत्येक निष्कर्ष ती शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "हं." त्या 'हं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. तेवढी एक केस बाकी आहे.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

आमची नात रागिणी अमरावतीच्या शाळेत यंदा नववीत गेली. वलगावच्या सहा मुली भगवंतच्या ऑटोनं जातात-येतात. नववीत गेलं की मुलांनी आपला विषय निवडायचा, असा नवा शहाणपणा निघाला आहे. पूर्ण संस्कृत, पूर्ण हिंदी, नाहीतर ऑटोमोबाईल. आमच्या काळी निवड सोपी होती. शाळा किंवा म्हशी. मला म्हशी मिळाल्या. अक्षर ओळखलं ते केस पिकू लागल्यावर, प्रौढांच्या रात्रीच्या वर्गात. त्या वर्गात ऐच्छिक एवढंच होतं, यायचं की झोपायचं.

तर या मुलांना विषय कळावेत म्हणून शाळेनं आठवडाभर 'ओळख तास' ठेवले. मुलांना विषयांची ओळख झाली की नाही ते देव जाणे, पण आमच्या घरी नातेवाइकांची नव्यानं ओळख झाली. जो येईल तो एकच विचारी, "पण स्कोप कशात आहे?" स्कोप म्हणजे काय हे कोणालाच सांगता येत नव्हतं, पण तो संस्कृतात आहे यावर सर्वांचं एकमत होतं. संस्कृतात शंभरपैकी शंभर पडतात म्हणे. भाषा बोलायला कोणी उरलं नाही की मार्क भरभरून देत असावेत.

रागिणीचं मात्र वेगळं. तिला संस्कृत खरंच आवडे. सांबाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता ती सुभाषितं म्हणे. तिचा आवाज ऐकला की म्हैस पान्हवत असे. स्कोप बघायचाच तर तो तिथं होता, लिटरभर जास्त.

आणि अशा मुलीनं सोमवारी घरी येऊन जाहीर केलं, "मी ऑटोमोबाईल घेऊन राहिली."

घरात भूकंप झाला. तिची आई शकुन रडली. बाप, म्हणजे माझा मुलगा अमोल, अमरावतीच्या बाजारात फुलं विकतो. तो म्हणाला, "घेऊ दे, गाडी तरी घरीच दुरुस्त होईन." त्यावर शकुन आणखी रडली.

मंगळवारी संस्कृतच्या पौर्णिमा मॅडमचा फोन आला. "आबा, शनिवारी नावं पक्की होतील. मग दहावीपर्यंत बदल नाही. तिला संस्कृत नकोच असेल तर मी एका शब्दानंही काही म्हणणार नाही. पण काल नाव सांगताना ती रडली हो. ज्याला विषय नको असतो तो रडत नाही. कारण काय ते जरा बघा ना."

'बघा ना.' एका शिकलेल्या बाईनं गुप्तहेराची नेमणूक केली. मी गॉगल पुसला.

प्रथम संशयिताची चौकशी.

"रागिणी, काल दुपारी तू कुठी होती?"

"शाळेत."

"साक्षीदार?"

"अख्खी शाळा."

मी मनात नोंद केली. निरपराध माणसाला इतके साक्षीदार लागत नाहीत.

"संस्कृत काहून सोडून राहिली?"

"असंच."

"असंच म्हंजे?"

"असंच म्हंजे असंच, आबा." मग तिनं माझ्या मोपेडकडे टक लावून पाहिलं. "आबा, हे गाडी कधी बंद नाही पडत काय?"

"अजून शंभर वर्सं नाही पडत, बापा!"

तिनं सुस्कारा सोडला. "अन् डॉक्टरनं तुमचे डोये तपासले, तवा गाडी चालवाले मनाई नाही केली काय?"

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांत काळं ग्रीस. यंत्रात रस, आजोबांच्या प्रकृतीची काळजी. एखाद्या साध्या माणसाला यातून काहीही बोध झाला नसता. मला लगेच झाला: पोरीला कोणीतरी गॅरेजवाल्यानं नादी लावलं आहे.

मी हा निष्कर्ष मैनाबाईला सांगितला.

"हं," ती म्हणाली.

बुधवारी शाळा सुटायच्या वेळी मी गॉगल लावून शाळेच्या फाटकावर मोपेड आडवी उभी केली. हे ठिकाण मला नवं नाही. मागच्या वर्षी भगवंतचा ऑटो आजारी होता, तेव्हा रागिणीला आणायला मीच जात असे. त्या आठवड्यात मी फाटकावरच्या प्रत्येक मुलाची कसून चौकशी केली होती. तेव्हापासून शाळेतला एकही मुलगा तिच्याशी बोलत नाही. याला म्हणतात धाक.

"तुहं नाव काय बे?" मी पहिल्यालाच अडवलं.

"सागर."

"गाव? बापाची शेती किती? ओलिताची का कोरडवाहू? मायचं माहेर कोठचं?"

"काका, मी सातवीत आहे," असं म्हणून तो रडायला लागला. अपराधी मनाचं हे पहिलं लक्षण.

इतक्यात रागिणी बाहेर आली. मी ओळख म्हणून भोंगा वाजवला. तिनं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली आणि धावत जाऊन ऑटोत सर्वांत आत बसली. ऊन फार होतं. भगवंत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आबा, पोट्टी लाजते ना. घरी जा ना तुमी."

"लाजेचा तपास वेगळा होईल," मी त्याला सुनावलं. "आता ग्रीसचा चालू आहे."

ऑटोमोबाईलचे सर पत्र्याच्या शेडमधून बाहेर आले. नखात ग्रीस, कपाळावर ग्रीस. मुख्य सूत्रधार! मी विचारलं, "तुमीच फूस लावली काय आमच्या पोरीले?"

"कोण, रागिणी? फक्त एक ओळख तास बसली आबा. पण हात चांगला आहे. प्लग कसा काढायचा ते एकदा दाखवलं, तिनं लगेच काढून हातात दिला. अन् मले विचारते, सर, प्लग नसला तं गाडी चालतच नाही ना? नक्की ना? दोनदा विचारलं."

ज्ञानाची ही तहान पाहून माझं मन भरून आलं. गॅरेजवाल्याचा सिद्धान्त मी तिथंच सोडला आणि नवा धरला: मुलगी जन्मजात इंजिनिअर आहे आणि आम्ही आंधळे आहोत.

याला शास्त्राचा आधार हवा होता, आणि शास्त्र अकोल्यात राहतं. शकुनचा भाऊ मनोज तिथं एक केंद्र चालवतो. मुलांच्या बोटांचे ठसे मशीनवर घेतो आणि त्यावरून कोणता विषय घ्यायचा ते सांगतो. पूर्वी ठशांवरून फक्त चोर सापडत. आता चोर सोडून सगळं सापडतं.

गुरुवारी रागिणीला घेऊन आम्ही एसटीनं अकोला गाठलं. मनोज टाय लावून बसला होता. अकोल्याच्या उकाड्यात टाय लावणारा माणूस एकतर फार हुशार असतो, नाहीतर फार गरजू.

"यात मेंदू दिसते, आबा," तो म्हणाला.

"बोटात?"

"बोटातूनच दिसते."

रागिणी हात पुढं करेना. मी म्हटलं, "भेतं काय बापा? हे पाह्य, असं लावाचं," आणि दाखवायला माझीच बोटं एकेक करून काचेवर दाबली. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही. अक्षर येण्यापूर्वी माझ्या अंगठ्यानं जितकी कामं केली, तितकी अनेकांच्या सहीनं केली नसतील. मशीन टुंग म्हणालं. मनोजनं कागद बाहेर काढला आणि गंभीर आवाजात वाचला, "मुलगी लाजाळू आहे. प्रश्न विचाराले घाबरते. दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही. नृत्यात चांगला स्कोप आहे."

"एकदम बरोबर!" मी म्हणालो.

"मामा, हे आबाचे बोटं व्हते," रागिणी म्हणाली.

मनोजनं टाय सैल केला. "मशीन थोडं गरम झालं असन."

परतीच्या एसटीत रागिणी खिडकीबाहेर पाहत पुटपुटत होती. मी कान लावला. सुभाषित होतं. मधेच थांबली आणि डोळे पुसले. मी विचारलं, "काय झालं वो?" ती म्हणाली, "धूळ गेली." तपासात भावनेला जागा नसते. तरी मी खिडकी लावून घेतली.

शुक्रवार उजाडला. एक दिवस उरला होता, माझ्याजवळ सिद्धान्त भरपूर होते आणि कारण एकही नव्हतं. झाकट पडून अंधारू लागलं तसा मी अखेरचा डाव टाकला: गुप्त पाळत. मी गोठ्यात म्हशीमागं दबा धरून बसलो. समोर ओट्यावर मैनाबाई आणि रागिणी जुड्या बांधत होत्या. म्हशीनं माझा कान चाटायला घेतला. मी हूं की चूं केलं नाही. असे त्याग जगाला कळत नाहीत.

टोपलीभर जुड्या बांधून झाल्या. मग मैनाबाईनं जुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "काहून वो माय, सोडून राहिली?"

बस, एवढंच. ना साक्षीदार, ना ठसे, ना गॉगल. चौकशीची पद्धत म्हणून अगदीच प्राथमिक.

आणि रागिणी रडायलाच लागली. "आजी, पूर्ण संस्कृतचा तास शाळा सुटल्यावर आहे. पोट्टे कमी हायेत म्हून. भगवंतकाकाचा ऑटो सुट्टी झाली का निघते, बाकीच्याइले घरी जाचं असते. मंग मले कोण आणन?"

"कोण?"

"बाबा म्हने, आबा आहेत ना रिकामे."

"मंग आणतीन ना आबा."

"आजी!" पोरीचा आवाज चिरकला. "गॉगल लावून येतेत वो. रोज येतीन. फाटकावर सगळ्याइले विचारतेत, बापाची शेती किती, मायचं माहेर कोठचं. मैत्रिणी हासतेत. सागर तं आता मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी जाते. अन् मी आली का तो भोंगा! ऑटोमोबाईल शाळा सुटाच्या आधीच होते. मी आबाइले कसं सांगू? ते किती हौसेनं येतेत."

 म्हशीनं माझा कान चाटायचं थांबवलं.

"हं," मैनाबाई म्हणाली. मग म्हशीच्या दिशेनं, जरा मोठ्यानं, "उद्या संस्कृत लिहून ये तू. गाडीचं मी पाहतो."

माझ्या तीक्ष्ण बुद्धीनं क्षणात सारं जुळवलं. दोष उघड उघड शाळेच्या वेळापत्रकाचा होता. मी तसं पौर्णिमा मॅडमना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "अजून काही?" मी म्हणालो, "बाकी तपशील गोपनीय आहे."

शनिवारी रागिणीनं संस्कृत घेतलं. शकुन परत रडली, आनंदानं. मनोजनं अकोल्याहून कळवलं की मशीनचं म्हणणंही आतून तेच होतं.

सोमवारी दुपारी मी गॉगल पुसला, भोंग्याला तेल दिलं आणि रागिणीला आणायला मोपेडला पायडल मारलं. मोपेड हूं म्हणेना. पुन्हा मारलं. नाही. वाकून पाहिलं तर प्लगच्या जागी नुसतं भोक. भरदिवसा, गुप्तहेराच्या अंगणातून चोरी!

"आता कसं?" मी ओरडलो.

"अमोल आणते ना, बाजारातून येता येता," मैनाबाई म्हणाली. "त्याले म्या सकायीच सांगलं."

चोरी दुपारी उघडकीस आली, सोय सकाळीच झाली होती. हा योगायोग मला विलक्षण वाटला. मी तात्काळ तपास हाती घेतला. शेषरावची जबानी घेतली. भगवंतच्या ऑटोची डिकी पाहिली. सागरचं नावही यादीत टाकलं, तो उड्या चांगल्या मारतो. रागिणी रोज अमोलच्या गाडीवर त्याच्या मागं, फुलांच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून येते आणि येतानाच नवीन श्लोक घोकते. अमोललाही आता दोन-तीन येतात. बाजारात गिऱ्हाइकावर टाकून बघतो म्हणे.

काल घरात कोणी नव्हतं, मैनाबाई आणि रागिणी बाहेर ओट्यावर होत्या. डॉक्टरनं मला गूळ बंद केला आहे, म्हणून मी फडताळावरचे डबे जरा तपासत होतो. मोहरीच्या डब्यात हात घातला तर बोटांना फडक्यात नीट गुंडाळलेलं काहीतरी टणक, जड लागलं. वर काढलं. फडकं उलगडलं: ग्रीस लागलेलं, मोपेडच्या त्या भोकात नेमकं बसेल एवढं. फडक्यावर लहान बोटांचे ठसे, काळे. मी ते बराच वेळ पाहिले. अकोल्याला जायची गरज नव्हती.

ओट्यावरून सुभाषिताचा आवाज आला. गोठ्यात म्हशीनं मान हलवली.

मी ती वस्तू फडक्यात पुन्हा गुंडाळली, होती तशी मोहरीत खोल पुरली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

तपास चालू आहे. गुन्हेगार सराईत आहेत, दोघी असाव्यात असा माझा अंदाज आहे. धागेदोरे फार गुंतागुंतीचे असल्यानं पोरीची दहावी होईपर्यंत तरी काही सापडेल असं मला वाटत नाही.