हितसंबंधी व्यक्तीने बाहेर बसावे

डाव्या स्तनात गाठ आहे आणि ती कर्करोगाची आहे, असे डॉक्टरीणबाईंनी घरातल्या थोरल्या सुनेला स्वच्छ शब्दांत सांगितले. गाठ लहान होती. नुसती गाठ काढून पुढे किरणोपचार घ्यायचे, किंवा सगळा स्तनच काढायचा. "तुमच्या बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच चांगले आहेत. तुम्ही ठरवा, फक्त फार दिवस लावू नका," असे बाई म्हणाल्या. नवरा शेजारीच बसला होता. त्याने दवाखान्याच्या पायरीवरूनच धाकट्या भावाला फोन लावला.

हे दीर सोसायटीचे सचिव होते. त्यांच्या कारकिर्दीत सोसायटीने एकही निर्णय घाईने घेतलेला नव्हता. लिफ्ट त्यामुळे अजून बंद आहे.

रविवारी घरी रीतसर सभा भरली. सुनेने चहा आणला आणि तीही खुर्ची ओढून बसली.

"वहिनी, तुम्हाला जरा बाहेर बसावं लागेल," दीर म्हणाले.

"का हो?"

"ज्याचा विषयात वैयक्तिक हितसंबंध असतो त्यानं मतदान करायचं नसतं. नियमच आहे. मागे छत गळत होतं, तेव्हा ज्यांच्या घरात गळत होतं त्यांनाही आपण बाहेरच बसवलं होतं."

"मग गळती थांबली?"

"ठराव एकमतानं झाला."

ही सून पुलांची तपासणी करणारी अभियंता. तिच्या एका सहीवर अख्खा पूल वाहतुकीला बंद होतो. ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिला भीती वाटत होती, पण भीती हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

आत चर्चा सखोल झाली. खिडकी उघडी असल्याने प्रथम 'कर्करोग' हा शब्द वगळून 'तो विषय' म्हणावे, असे ठरले. नणंद म्हणाली, "सगळंच काढून टाका, डोक्याला ताप नको." सासूबाई म्हणाल्या, "आणि चारचौघांत ती कशी दिसेल?" दोघींचाही मुद्दा नोंदवून सभा तहकूब झाली.

पुढच्या रविवारी नणंद आलीच नाही आणि गणसंख्या भरेना. तेव्हा तळमजल्यावरच्या काकांना स्वीकृत सदस्य म्हणून घेतले. त्यांना ऑपरेशनचा दांडगा अनुभव होता, गुडघ्याच्या. दोन चहा घेऊन त्यांनी सगळा काढण्याच्या बाजूने हात वर केला. सासूबाईंनी विरोध केला. सचिव तटस्थ राहिले, कारण ते नेहमीच तटस्थ राहतात. मते समसमान पडली. निर्णायक मत अध्यक्षांचे, म्हणजे नवऱ्याचे.

अध्यक्ष उठून स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. तू काय म्हणतेस?"

"मला मत आहे का?"

"नाही." त्याने ओट्यावरची कपबशी उगाच सरकवली. "मला झोप लागत नाही गं. तुला काही झालं तर मी काय करू?"

"मलाही भीती वाटते. कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही." तिने गॅस बंद केला. "माझं कधीच ठरलंय. उद्या सकाळी गाडी काढ. आणि माझ्याबरोबर आत बस, बाहेर नको."

तो आत बसला. त्याने तिची पर्स मांडीवर घेतली, आणि तिने डॉक्टरीणबाईंना आपला निर्णय सांगितला. दोन वाक्यांत काम झाले. बाईंनी ऑपरेशनची तारीख दिली.

घरी समितीने तीव्र नाराजी व्यक्त केली. विश्वासात न घेता निर्णय झाल्याबद्दल तळमजल्यावरच्या काकांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

आता तिने शेवटी काय ठरवले, नुसती गाठ की सगळा स्तन, हे तुम्हालाही कळायला हवे असेल. ते योग्य की अयोग्य, यावर तुमचे मतही तयार असेल. या, बसा. काकांची खुर्ची रिकामीच आहे, आणि चहा तीच आणेल.